वाचता येत नाही, की हिंदी येत नाही?

सावनेर, केळवद मागे टाकून छिंदवाड्याच्या रस्त्याने राज्याची हद्द ओलांडली की लोधीखेड्याचे नाव पाट्यांवर दिसू लागते. त्या नावातल्या ‘ड’च्या पायाशी एक टिंब असते. हिंदीच्या नियमाने ते बरोबरच आहे. आम्ही घरी ‘लोधीखेडा’ लिहितो तेव्हा ते टिंब देत नाही, उच्चार मात्र तोच करतो; कारण मराठीत हा उच्चार दाखवायला टिंबाची गरज पडत नाही. मोठ्या माणसाचे एवढ्याने काही बिघडत नाही. पण पहिली-दुसरीतल्या पोराच्या वहीत हेच टिंब राहून गेले तर आपल्याच गावाच्या नावापुढे लाल फुली पडू शकते. तिथून त्या पोराविषयी एक मत तयार होऊ लागते. आज आम्हाला बोलायचे आहे ते या मतांविषयी.

गेल्या काही वर्षांत आपल्या मुलांच्या बोलण्यात ‘अंकुर’, ‘तरुण’ आणि ‘उमंग’ हे शब्द आले, हे पालकांना आठवत असेल. मध्य प्रदेशात २०१८ साली ‘दक्षता उन्नयन’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांची चाचणी घ्यायची आणि त्यांचे तीन गट पाडायचे, अशी त्याची रचना होती. ज्याला अक्षरांचाच पत्ता नाही तो अंकुर, अडखळत का होईना वाचणारा तरुण आणि नीट वाचणारा उमंग. पुढे २०२१ साली केंद्र सरकारचा ‘निपुण भारत’ आला. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे त्याचे उद्दिष्ट. मध्य प्रदेशात तो ‘मिशन अंकुर’ झाला आणि पलीकडे ‘निपुण महाराष्ट्र’. नावे बदलतात, पण मूल कोणत्या इयत्तेत बसते ते न पाहता त्याला किती वाचता येते ते पाहावे आणि त्याप्रमाणे शिकवावे, ही कल्पना कायम राहिली आहे.

ही कल्पना वाईट नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. सीमाभागात सरकारी योजना दिसली की आधी विरोध करायचा आणि मग ती वाचायची, अशी एक सवय आपल्याला लागली आहे. तसे इथे करून चालणार नाही.

पाचवीच्या कोणत्याही वर्गात डोकावून पाहा. एक मुलगी वर्तमानपत्र वाचू शकते, चार मुले शब्दाशब्दाला थांबतात आणि मागच्या दोघांना ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक कळत नाही. गुरुजींपुढे पुस्तक एकच आणि ते वर्षअखेर संपवायचे आहे. ते धडा मधल्यांसाठी वाचतात. पुढच्या मुलीला कंटाळा येतो, मागचे दोघे तोंड हलवत बसतात. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशातील ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे चारातल्या तिघांना नाही. ही मुले चौथीत जातात, पाचवीत जातात; पुस्तक जाड होत जाते, ती मात्र तिथेच असतात.

यावर उपाय शोधण्याचे बरेचसे काम मुंबईत झाले. १९९५ साली तिथे ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे हे तिचे संस्थापक. वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमायचे आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास त्यांच्या स्वाधीन करायची, असा एक प्रयोग मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत झाला. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी तो मोजूनमापून तपासला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुले पुढे सरकली होती, आणि सर्वांत मागची अधिक सरकली होती. पुढे हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शाळांतच रोज एक तास राखून ठेवला गेला. त्या तासाला तिसरी, चौथी, पाचवी या भिंती उठत. अक्षरवाली एका खोलीत, शब्दवाली दुसऱ्या, गोष्टवाली तिसऱ्या. तास संपला की ज्याने त्याने आपल्या वर्गात जायचे. भाषेत फरक पडला. उत्तर प्रदेशात २०१३-१४ साली दहा-दहा, वीस-वीस दिवसांची शिबिरे घेतली, तिथे परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाले. आधी बिहारमध्ये मात्र गुरुजींना नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन पाहिले होते. शाळेतले वेळापत्रक आणि गट होते तसेच राहिले आणि फळ आले नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली नोबेल मिळाले, ते अशा प्रकारच्या प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

हे तंत्र तसे जुनेच. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी १९५०च्या दशकात चौथी-पाचवी-सहावीची मुले वाचनाच्या तासापुरती एकत्र करून पातळीप्रमाणे बसवीत. रॉबर्ट स्लाव्हिन या अभ्यासकाने १९८७ साली अशा साऱ्या प्रयोगांचा आढावा घेतला. दिवसभरासाठी ‘हुशारांचा वर्ग’ आणि ‘कच्च्यांचा वर्ग’ असे वेगळे केल्याने काही साधत नाही, पण एका विषयापुरते, ठरावीक वेळेपुरते आणि बदलत राहणारे गट केले तर साधते, असे त्याला आढळले. केनियातल्या १२१ शाळांच्या प्रयोगात मात्र पहिलीचे वर्गच गुणांप्रमाणे वेगळे केले होते आणि तिथे वरच्या-खालच्या दोन्ही वर्गांना फायदा झाला. तेव्हा याबाबत एकच सूत्र सांगता येत नाही, हे खरे. तरीही आमच्या गावांना स्लाव्हिनचे म्हणणे जास्त जवळचे वाटते. कारण इथे खालचा वर्ग एकदा वेगळा झाला की तो कोणत्या मोहल्ल्याचा होईल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

रे रिस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका शहरी शाळेत बालवर्गाच्या आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर बसवले. चाचणी झालीच नव्हती. कोणाचे कपडे नीटनेटके, कोण बाईंसारखे बोलते, कोणाचे घर बरे, यावरून टेबल ठरले. दुसरीपर्यंत ती मुले बहुतांशी त्याच उतरंडीत राहिली. मागच्या टेबलाला शिकवलेच कमी गेले होते, मग गुण कमी पडले आणि गुण कमी पडले म्हणून टेबल बरोबर ठरले. यात ‘बाईंसारखे बोलते’ हे दोन शब्द वाचकांनी जरा मनात ठेवावेत.

मराठीत मागे पडलेल्या पोराला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मीपासून आजवर बाकी सगळी अक्षरे बदलली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला, म्हणून हे नाव, असे जुने गुरुजी सांगत. गटाला अंकुर म्हणा की कळी म्हणा, पोरे आठवड्यात त्याचे भाषांतर ‘ढ’ असे करून टाकतात. अमेरिकेत गटांना पक्ष्यांची नावे देऊन पाहिली, तिथेही कोणता पक्षी उडत नाही ते मुलांना बरोबर कळत असे. तिकडे मधल्या काळात या पद्धतीला लोक नावे ठेवू लागले आणि ती मागे पडली, नंतर पुन्हा वर आली. चौथीला वाचनासाठी असे गट करणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण १९९८ साली २८ टक्के होते, २००९ साली ७१ टक्के झाले. म्हणजे हा प्रश्न त्यांच्याकडेही अजून मिटलेला नाही.

आता आपल्या गोष्टीकडे येतो. लोधीखेडा, सौसर, रामाकोना, मोहगाव, पांढुर्णा या पट्ट्यात घरोघरी मराठी आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शाळेची भाषा बहुतेक मुलांसाठी हिंदीच राहिली. गटासाठी होणारी चाचणीही त्याच भाषेत. कागदावर हिंदी अक्षरे, हिंदी शब्द, हिंदी परिच्छेद, हिंदी गोष्ट. मूल जिथे अडकले तिथे त्याची पातळी ठरली.

समजा, परिच्छेदात असे वाक्य आले: ‘घड़ा खाली है।’ आमचे पोरगे ते खडखडीत वाचेल. अर्थ विचारा. ते सांगेल, घडा खाली आहे, म्हणजे जमिनीवर आहे. हिंदीत घडा रिकामा होता, हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या उत्तरात तर्काची काही चूकही नाही. ‘माँ के साथ दीदी आई’ हे वाक्य आले की त्याच्यापुढे एक आई जास्तीची उभी राहते. ‘नाव’ म्हणजे होडी हा अर्थ मराठीतही आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला आधी आठवते ते स्वतःचे नाव. मोठी माणसेही यातून सुटत नाहीत. ज्या भोपाळच्या कार्यालयातून या सगळ्या योजना येतात त्याचे नाव ‘राज्य शिक्षा केंद्र’ आहे, आणि सीमेवरच्या मराठी माणसाला ते पहिल्यांदा वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही.

उच्चाराचेही तेच. ‘है’ आणि ‘और’ हे शब्द आमची मुले मराठी वळणाने ‘हइ’, ‘अउर’ असे उच्चारतात. ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ न म्हणता ‘द्न्यान’ म्हणतात. ‘ऋषि’ला ‘रिशी’ न म्हणता ‘रुषी’ म्हणतात. ही वाचनातली चूक नाही. उलट मुलाने अक्षर ओळखले आणि घरच्या उच्चाराशी जोडले, याचा तो पुरावा आहे. जाम सावळीच्या मारुतीला दर शनिवारी जाणाऱ्या पोराच्या तोंडात ‘ळ’ आहे, पण शाळेच्या वर्णमालेत त्याला ‘ळ’ भेटत नाही आणि देवस्थानाच्या हिंदी पाटीवर ‘ल’ दिसतो. ‘श’ आणि ‘ल’ यांची मराठी छपाईतली वळणे वेगळी. नागपूरच्या वर्तमानपत्रात एक, शाळेच्या पुस्तकात दुसरे.

तेव्हा ‘अंकुर’ गटात बसलेली दोन मुले एकसारखी असतीलच असे नाही. एकाला अक्षरच कळत नाही. दुसऱ्याला अक्षर, काना, मात्रा, जोडाक्षर सगळे कळते, पण वाचलेल्या हिंदीचा अर्थ लागत नाही, म्हणून तो अडखळतो, थांबतो, घाबरतो. पहिल्याला बाराखडी हवी. दुसऱ्याला बाराखडी दिली तर आपण त्याचे एक वर्ष वाया घालवले. त्याला हवे आहे हिंदी ऐकणे, बोलणे, गोष्टी आणि शब्दांचे अर्थ. ताप कशाने आला ते न पाहता दोघांना एकच गोळी द्यावी, तसा हा प्रकार होतो. गट करणे हे औषध चांगले, पण निदान चुकले तर चांगले औषधही वाया जाते. आमची तक्रार निदानाची आहे.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगितली पाहिजे. कोणी विचारील, ज्या मुलाला शाळेने मराठी शिकवलीच नाही त्याची चाचणी मराठीत कशी घ्यायची? प्रश्न योग्य आहे. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलाला कन्नड लिपी वेगळी शिकावी लागते, तिकडे ही अडचण खरोखर मोठी आहे. आपल्याकडे मात्र दोन्ही भाषांची लिपी एकच, नागरी. हिंदीत शिकलेले ‘क’ मराठीतही ‘क’च असते. १९५६ नंतर आपल्या वाट्याला फार काही आले नाही, पण लिपी सारखी असण्याचा लाभ मिळाला आहे आणि तो आपण वापरत नाही.

दुसरी अडचण आपल्याच घरातली. आपण ज्याला मराठी म्हणतो ती पुण्याच्या पुस्तकातली मराठी नव्हे. पोरगे ‘मला’ म्हणत नाही, ‘मले’ म्हणते. ‘का’ म्हणत नाही, ‘काहून’ म्हणते. पांढुर्ण्याकडे कित्येक घरांत पवारी बोलतात. गोंड वस्तीतल्या मुलाची भाषा आणखी वेगळी. तेव्हा हिंदीचा कागद काढून त्या जागी बालभारतीचे पान ठेवले की न्याय झाला, असे नाही. मराठीच्या नावाने ‘मले’ म्हणणाऱ्या पोराला आपणच ‘ढ’ ठरवायचे, हा दुसरा अन्याय होईल, आणि तो करायला आपल्यातले काही शिकलेले लोक पुढे असतात, हेही आम्ही पाहत आलो आहोत.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूने आहे, आणि फार जुना आहे. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले होते की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले अल्पसंख्य भाषेची असली तर प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषेत द्यावे. ज्या १ नोव्हेंबर १९५६ला हद्द आखली गेली त्याच दिवसापासून घटनेत ३५०-अ कलम लागू झाले. प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेचे माध्यम ‘शक्यतोवर’ आहे, २०२०च्या शैक्षणिक धोरणात ‘जिथे शक्य असेल तिथे’ पाचवीपर्यंत. या ‘शक्यतोवर’ने आमच्या तीन पिढ्या खाल्ल्या. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते, ही संख्या काही लहान नाही.

पलीकडे महाराष्ट्रात २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर वादळ उठले आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. इतक्या लहान मुलावर आणखी एका भाषेचा भार नको, असे म्हणणे होते. आम्ही ते वाचत होतो तेव्हा लोधीखेड्यातली सहा वर्षांची पोरे हिंदीतच ‘अ’ गिरवत होती. त्यांच्यावरचा भार मोजायला मुंबईहून कोणी आले नाही. असो.

आमचा हिंदीला विरोध नाही. हिंदी आल्याशिवाय इथल्या मुलाला भोपाळची परीक्षा देता येणार नाही, तहसीलचा कागद वाचता येणार नाही. मराठी माध्यमाच्या शाळांची मागणी आहे तशी राहू द्यावी, तिच्यावर आम्ही यापूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. आज आम्ही सांगतो आहोत ती मागणी फार लहान आहे. तिला नवी शाळा लागत नाही, नवे पद लागत नाही, मंत्रालयाची फाईल लागत नाही.

चाचणीच्या वेळी मुलाने हिंदी परिच्छेद वाचला की ‘काय वाचलेस ते तुझ्या भाषेत सांग’ असे म्हणावे. घरच्या बोलीत सांगितलेले उत्तर बरोबर धरावे. जे मूल हिंदी कागदावर अडकेल, त्याच्यापुढे तेवढ्याच लांबीचा मराठी कागद ठेवावा, घरातल्या शब्दांचा: बैल, पोळा, संत्रा, विहीर, माय. तो वाचला तर मूल वाचणारे आहे, हिंदीत कमी आहे; त्याला बाराखडीच्या गटात बसवू नये. दोन्ही कागद अडले तर अक्षरापासून सुरुवात करावी, आणि तीही घरातल्या शब्दांवरून. गट वाचनाच्या तासापुरता असावा, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पाहावे, आणि एका मुलाचा गट वर्षभर बदललाच नाही तर दोष मुलाचा धरण्याआधी गटाचा धरावा. शिक्षक सिवनी-जबलपूरकडून बदलून आलेले असतील आणि त्यांना मराठी येत नसेल तर त्यात त्यांचा अपराध नाही. अशा शाळेत गावातल्या कोणी मदतीला बसावे.

पालकांनी शाळेत जाऊन भांडू नये. दोन गोष्टी विचाराव्यात: आमच्या पोराची चाचणी कोणत्या भाषेत झाली, आणि त्याचा गट शेवटचा कधी बदलला. राहिला मराठी कागदाचा प्रश्न. तो कोणी तयार करायचा? सौसर, लोधीखेडा, पांढुर्णा इथे जुन्या मराठी शाळांत शिकलेले निवृत्त गुरुजी अजून ओट्यावर बसून नागपूरचे वर्तमानपत्र वाचताना दिसतात. त्यांना या कामासाठी एक दुपार पुरेल.